आडजागेच्या गाठी

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली गाठ येते तेव्हा तिच्याबरोबर एक कागद येतो, आणि त्यावर रुग्णाचे नाव, वय आणि गाठ शरीराच्या नेमक्या कोणत्या भागातून काढली ते लिहिलेले असावे अशी अपेक्षा असते. नाव आणि वय बहुधा असतेच. जागेच्या रकान्यात मात्र पुष्कळदा ‘तोंडातील गाठ’ किंवा ‘मानेवरील सूज’ एवढेच लिहिलेले आढळते. मला हा रकाना फार मोलाचा वाटतो, कारण लाळग्रंथींच्या सौम्य, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, गाठी पाहताना पेशी जे सांगतात त्याचा अर्थ जागा कळल्याशिवाय पुरता लागत नाही. त्याच पेशी, तीच रचना, तोच कूर्चेसारखा चकचकणारा भाग कानाच्या पाळीखालून आलेला असेल तर मी निवांतपणे अहवाल लिहायला घेते. तो नाकाच्या पडद्यावरून, श्वासनलिकेतून किंवा डोळ्याच्या खोबणीतून आलेला असेल तर सर्जनांशी बोलल्याखेरीज एकही ओळ लिहू नये, असे मी स्वतःला लावून घेतलेले वळण आहे.

लाळग्रंथी म्हटल्यावर आपल्याला गालगुंड झालेल्या मुलाचा सुजलेला गाल आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण गालगुंडात सुजणारी पॅरोटिड ही लाळग्रंथींतली सर्वांत मोठी ग्रंथी. जबड्याच्या हाडाखाली दुसरी जोडी असते आणि जिभेखाली तिसरी. शाळेचे पुस्तक येथे थांबते. प्रत्यक्षात तोंडाच्या आणि घशाच्या अस्तराखाली अगदी बारीक लाळग्रंथी ६०० ते १००० इतक्या संख्येने विखुरलेल्या असतात. ओठांच्या आतल्या बाजूला, गालांत, टाळूच्या मागच्या भागात, जिभेच्या मुळाशी त्या असतात, आणि त्यांच्याच जातकुळीच्या ग्रंथी नाकाच्या पोकळीत, स्वरयंत्रात आणि श्वासनलिकेच्या भिंतीतही उतरत गेलेल्या असतात. तोंड ओले ठेवण्याचे काम त्या दिवसरात्र करतात आणि आयुष्यभरात बहुतेकांना त्यांचे अस्तित्व कळतही नाही.

वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना या गाठींविषयी ऐंशीचा एक ढोबळ नियम शिकवतात. लाळग्रंथींच्या १०० गाठींपैकी सुमारे ८० पॅरोटिडमध्ये होतात, पॅरोटिडमधल्या सुमारे ८० टक्के सौम्य असतात, आणि त्या सौम्य गाठींपैकी पुन्हा सुमारे ८० टक्के प्लिओमॉर्फिक अडिनोमा या एकाच प्रकारच्या असतात. नियम उपयोगाचा आहे. पण तो पाठ झाला की लक्ष पॅरोटिडवरच खिळून राहते, आणि त्याच्या बाहेर राहिलेली माणसे कधी दातांच्या दवाखान्यात, कधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, कधी दम्याच्या ओपीडीत हिंडत राहतात. मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

आधी त्या गाठीची ओळख करून द्यायला हवी. प्लिओमॉर्फिक अडिनोमा कापली की सुरीखाली ती आधी घट्ट लागते आणि मग एकदम बुळबुळीत होते. कापलेला पृष्ठभाग पांढुरका असतो आणि त्यात मधूनमधून निळसर, पारदर्शक पट्टे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूला ग्रंथीच्या बारीक नलिका दिसतात, ज्यांच्या आत एक थर स्रवणाऱ्या पेशींचा आणि बाहेर दुसरा थर मायोएपिथेलियल पेशींचा असतो. हा बाहेरचा थर मूळ ग्रंथीला आवळून लाळ पुढे ढकलण्याचे काम करतो. गाठीत मात्र याच पेशी नलिकेपासून सुटून भोवतालच्या जेलीसारख्या पदार्थात विखुरतात, आणि तिथे चक्क कूर्चा तयार झालेली दिसते. जिथे कूर्चेचा मागमूस नसावा अशा मऊ ऊतीत कूर्चा दिसणे हे या गाठीचे ठळक लक्षण आहे. इतकी वर्षे हे काम करूनही तो भाग दृष्टिक्षेपात आला की मी क्षणभर थांबते, कारण एकच पेशी इतकी वेगवेगळी रूपे घेऊ शकते याचे नवल मला अजून वाटते.

या दोन थरांमध्येच आडजागांचे उत्तर आहे. आत स्रवणारी पेशी आणि बाहेर आवळणारी पेशी ही रचना केवळ लाळग्रंथींची नाही. अश्रू तयार करणारी ग्रंथी, घामाच्या ग्रंथी, कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी, श्वासनलिकेतल्या ग्रंथी आणि स्तनातल्या दुग्धनलिका या सगळ्यांत ती आढळते. म्हणून या गाठीची भावंडे त्या सगळ्या ठिकाणी भेटू शकतात. गुणसूत्रांच्या अभ्यासानेही याला दुजोरा मिळाला आहे. तिसऱ्या आणि आठव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेल्यामुळे ‘प्लॅग-१’ नावाचे जनुक अवेळी जागे होते आणि त्यातून प्लिओमॉर्फिक अडिनोमा वाढते, हे १९९७ मध्ये दाखवले गेले, आणि पुढे त्याच जनुकातले बदल त्वचेतल्या तसल्याच मिश्र गाठींतही सापडले. पॅरोटिड हा या गाठीचा नेहमीचा मुक्काम असला तरी तिचे कुळ शरीरभर पसरलेले आहे.

आपल्याकडे या आडजागांपैकी सर्वांत जास्त भेटणारी जागा म्हणजे टाळू. बारीक लाळग्रंथींच्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या टाळूवर होतात, आणि त्याही बहुधा एका विशिष्ट पट्ट्यात, म्हणजे पुढचा कठीण टाळू जिथे संपतो आणि मागचा मऊ टाळू जिथे सुरू होतो तिथे, मधल्या रेषेच्या उजवीकडे किंवा डावीकडे. ठीक मधोमध आणि पुढच्या दातांमागे ग्रंथी जवळपास नसतातच, म्हणून तिथे दिसणारा टणक उंचवटा बहुधा हाडाचा असतो आणि त्याला हात लावण्याची गरज नसते. गाठ दुखत नाही, तिच्यावरची त्वचा बहुधा शाबूत असते, ती वर्षानुवर्षे सावकाश वाढते. जीभ लागून लागून तिची सवय होते आणि कवळी बसेनाशी झाली किंवा भाकरीचा घास अडखळू लागला की माणूस दवाखान्यात येतो.

महाराष्ट्रात टाळूवरची गाठ घेऊन येणाऱ्या माणसाच्या मनात दुसरे काही येतच नाही. गावोगावी तंबाखू आहे, बायकांच्या हातात मिश्रीची डबी आहे, आणि २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी तोंडाच्या कर्करोगाने गेलेले कोणीतरी प्रत्येक वाडीत, प्रत्येक भावकीत असते. त्यामुळे गाठ दिसली की घरात पहिला प्रश्न ‘टाटाला न्यावे लागेल का’ हा असतो. मिश्री लावणाऱ्या एका वयस्कर बाई मला आठवतात. टाळूवर सुपारीएवढी गाठ होती, ती कित्येक वर्षांपासून होती, आणि आपल्याला कर्करोग झाला आहे असे स्वतःच ठरवून त्यांनी ती लपवली होती. शेवटी सुनेच्या ते लक्षात आले. तपासणीचा तुकडा माझ्याकडे आला, आणि अहवाल न्यायला आलेला मुलगा दारातच उभा राहून म्हणाला, “मॅडम, आधी एवढंच सांगा, आई वाचंल ना?” गाठ प्लिओमॉर्फिक अडिनोमा होती. तंबाखूशी या गाठीचा संबंध नाही, आईच्या मिश्रीमुळे ती झालेली नाही, हे मी त्याला सांगितले; मिश्री सोडायलाच हवी हेही सांगितले, कारण ती दुसऱ्या आजाराला बोलावते. भीतीने लपवलेली ती वर्षे मात्र मला सलत राहिली. ज्या प्रदेशात तोंडाच्या कर्करोगाची दहशत इतकी खरी आहे तिथे तोंडात सौम्य गाठीही होतात हे लोकांपर्यंत पोचलेच पाहिजे, नाहीतर सौम्य गाठही माणसाला घरात कोंडून ठेवते.

टाळूवरच्या गाठीची परीक्षा करताना डॉक्टरांचीही दिशाभूल होऊ शकते. शरीरात इतरत्र सौम्य गाठ बोटाखाली सरकते आणि कर्करोगाची गाठ रुतून बसलेली लागते, असे आपण शिकतो. कठीण टाळूची त्वचा मात्र मुळातच हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने तिथली निरुपद्रवी गाठही जराही हलत नाही. दाताच्या मुळाशी पू होऊन टाळूकडे फुगवटा येणे हे दंतवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातले, त्यामुळे प्रतिजैविकांचा एक कोर्स, मग दुसरा, मग निरोगी दाताचे रूट कॅनाल, असा प्रवास काही रुग्णांचा झालेला असतो. दाताची संवेदना जिवंत आहे की नाही एवढे आधी पाहिले तरी तो प्रवास पुष्कळ आखूड होतो.

सूक्ष्मदर्शकाखालीही टाळू सोपा नाही. इथल्या प्लिओमॉर्फिक अडिनोमात मायोएपिथेलियल पेशी गोलसर, एका कडेला केंद्रक सरकलेल्या अशा दाटीने येतात, कूर्चेचा भाग थोडा असतो, आणि गाठीभोवतीचे आवरण पातळ किंवा कित्येकदा नसतेच. टाळूवरच वाढणारा पॉलिमॉर्फस अडिनोकार्सिनोमा नावाचा मंदगती कर्करोग दिसायला इतका मिळताजुळता असतो की गाठीच्या पोटातून घेतलेल्या छोट्या तुकड्यावरून दोन्ही वेगळे करणे कठीण जाते. फरक पेशींच्या चेहऱ्यापेक्षा गाठीच्या काठावर दिसतो. सौम्य गाठ भोवतालच्या ऊतीला बाजूला ढकलते, कर्करोग तिच्यात आणि मज्जातंतूंभोवती शिरतो. म्हणून तुकडा घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती असते की गाठीचा काठ आणि त्यालगतची थोडी निरोगी ऊती त्यात येऊ द्या. काठ नसेल तर मी अहवालात तसे स्पष्ट लिहिते आणि ठाम निदान पूर्ण गाठ आल्यावरच देते. काही नातेवाइकांना हे टाळाटाळीसारखे वाटते, पण पुढची शस्त्रक्रिया किती मोठी करायची हे त्यावर ठरते आणि तिथे घाई करणे मला अन्यायाचे वाटते.

याच पट्ट्यात आणखी एक विकार होतो. तो गाठ नसला तरी त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रक्तपुरवठा तुटल्यामुळे टाळूतल्या ग्रंथी मरतात आणि तिथे खोल, भीतिदायक जखम पडते. नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया हे त्याचे नाव, आणि त्याचे पहिले वर्णन १९७३ मध्ये झाले. मेलेल्या ग्रंथींच्या नलिकांत खपल्यासारख्या पेशी भरतात आणि ते चित्र कर्करोगासारखे भासते. पण ग्रंथीच्या मूळ कप्प्यांचा नकाशा तसाच राहिलेला असतो, हे पाहणाऱ्याला सुटका सापडते. ही जखम काही आठवड्यांत आपोआप भरते. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या टाळूवर अशी जखम आली तर तिच्याकडे पूर्वग्रह न ठेवता पाहणे किती अवघड असते, हे पॅथॉलॉजिस्टच जाणतात.

ओठांचा न्याय तर आणखी वेगळा. खालच्या ओठातला फुगवटा बहुतेक वेळा दात लागून फुटलेल्या ग्रंथीतून साठलेल्या लाळेचा असतो, तरुण मुलांत तो नेहमी दिसतो. वरच्या ओठात तसे क्वचितच होते; तिथे लागणारी टणक, सरकणारी गोळी बहुधा खरी गाठ असते आणि सुदैवाने बहुधा सौम्यच असते, प्लिओमॉर्फिक अडिनोमा किंवा उतारवयात होणारी कॅनॅलिक्युलर अडिनोमा. खालच्या ओठात क्वचित खरी गाठ झालीच तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता जास्त. दोन ओठांमध्ये बोटभर अंतर नसते आणि तर्क उलटा करावा लागतो. शिवाय वरच्या ओठातली गाठ त्वचेच्या बाजूने आली असेल तर ती घामाच्या ग्रंथीची मिश्र गाठ असू शकते. नाकाभोवती आणि ओठाभोवती अशा गाठी होतात आणि ‘चरबीची गाठ’ म्हणून काढल्या जातात.

सौम्य आहे म्हटल्यावर ती कशीही काढली तरी चालेल, असा जो समज आहे त्याच्याशी मला वारंवार झगडावे लागते. प्लिओमॉर्फिक अडिनोमाचे आवरण अखंड नसते. गाठीचे बारीक कोंब त्यातून बाहेर डोकावत असतात. पूर्वी हे नीट ठाऊक नव्हते आणि आवरण फाडून आतला गोळा सोलून काढण्याची पद्धत होती. भुईमूग उपटताना वेल हातात येतो आणि काही शेंगा मातीत राहून पुढच्या पावसात आपोआप उगवतात, तसे त्या रुग्णांचे झाले. काही वर्षांनी एका गाठीच्या जागी दहा-वीस बारीक गाठी, आणि पॅरोटिडमध्ये तर त्यांच्यामधून चेहऱ्याचा मज्जातंतू गेलेला. म्हणून आता गाठीबरोबर भोवतालच्या निरोगी ऊतीची किनार घेतात. टाळूवर याचा अर्थ वरची त्वचा आणि हाडावरचे पातळ आवरण यांच्यासकट गाठ काढणे असा होतो. हाड उघडे राहते, दंतवैद्यांनी बनवलेली प्लेट काही आठवडे लावावी लागते, जेवताना त्रास होतो, पण जखम खालून भरत येते आणि गाठ सहसा परतत नाही.

घशाच्या बाजूला, टॉन्सिलच्या पलीकडे, एक खोल पोकळी आहे जिला पॅराफॅरिंजियल जागा म्हणतात, आणि तिथल्या गाठींपैकी लाळग्रंथींच्या गाठींचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. पॅरोटिडचा खोल भाग कधीकधी जबड्याच्या हाडामागच्या अरुंद बोगद्यातून आत वाढतो आणि दोन्ही टोकांना फुगून मध्ये चिंचोळा राहतो. कधी गाठ त्या पोकळीतल्याच विखुरलेल्या ग्रंथीतून जन्मते. बाहेरून मानेवर काही दिसत नाही. घोरणे वाढते, आवाज भरल्यासारखा होतो, एका कानाला दडा बसतो. दात तपासताना कोणाला तरी एक टॉन्सिल मध्यभागी ढकललेला दिसतो, आणि वेदना-ताप नसतानाही ‘टॉन्सिलचा गळू’ म्हणून तिथे सुरी लावली जाते. तसे कधीच करू नये. वरची त्वचा निरोगी असताना टॉन्सिल एका बाजूने पुढे आला असेल तर आधी एमआरआय करावा. गाठ आणि पॅरोटिड यांच्यामध्ये चरबीची रेघ दिसते की नाही यावरून ती कुठून आली ते ठरते आणि मानेतून सुरक्षित वाट आखता येते. तोंडातून अंदाजाने केलेल्या छेदाने गाठीच्या पेशी पोकळीत सांडतात, रक्तस्रावाची भीती असते, आणि पुढच्या सर्जनाचे काम कितीतरी कठीण होऊन बसते.

नाकातली गाठ आणखी एका कोड्यासाठी लक्षात राहते. नाकाच्या बारीक ग्रंथी मुख्यतः बाहेरच्या भिंतीत असतात, पण प्लिओमॉर्फिक अडिनोमा बहुधा मधल्या पडद्यावर उगवते. १९७७ मध्ये कॉम्पाग्नो आणि वाँग या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनी नाकातल्या अशा ४० गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही बहुसंख्य गाठी पडद्यावरच्याच होत्या. पडद्यात गर्भावस्थेतल्या एका गंधेंद्रियाचे अवशेष उरतात आणि गाठी त्यातून येत असाव्यात, असा एक तर्क आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो. एक नाकपुडी बंद राहणे, अधूनमधून रक्त येणे एवढीच तक्रार असते. तुकडा पाहताना पंचाईत अशी की पडद्याला स्वतःची कूर्चा असते, आणि चिमट्यात आलेला कूर्चेचा कण गाठीतला की पडद्याचा हे ठरवायचे असते. अशा वेळी मी मायोएपिथेलियल पेशी कूर्चेत विरघळत जाताना शोधते. पडद्याच्या कूर्चेला सरळ, स्वच्छ कड असते.

श्वासनलिकेत ही गाठ फार विरळा आहे, पण तिथे ‘सौम्य’ या शब्दाचा आधार घेता येत नाही. नळीचा निम्म्याहून अधिक भाग अडेपर्यंत माणसाला काही कळत नाही, आणि कळते तेव्हा शिट्टीसारखा आवाज येऊ लागलेला असतो. दमा समजून इन्हेलर सुरू होतो. औषधाने हटत नसलेला, श्वास आत घेतानाही वाजणारा, रात्री कूस बदलल्यावर बदलणारा ‘दमा’ असेल तर श्वसनचाचणीचा आलेख पाहावा, आणि तो चपटा आला तर दुर्बिणीने नळी पाहून घ्यावी. इतर कुठेही निवांत राहिलेली ही गाठ इथे माणसाला गुदमरवू शकते.

डोळ्याच्या खोबणीत वर-बाहेरच्या कोपऱ्यात अश्रुग्रंथी असते. तिथली प्लिओमॉर्फिक अडिनोमा डोळ्याला सावकाश खाली आणि नाकाकडे ढकलते. येथे टाळूच्या अगदी उलट नियम आहे. स्कॅनवर ही गाठ असल्याची दाट शंका असेल तर आधी तुकडा घेत नाहीत, अख्खी गाठ आवरणासकट काढतात, कारण छेद दिला की ती पुन्हा येण्याची आणि पुढे बिघडण्याची शक्यता फार वाढते. स्तनात ती बहुधा स्तनाग्राजवळ सापडते, आणि तिच्यातल्या कूर्चेमुळे कर्करोग समजून गरजेपेक्षा मोठी शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. माद्या कुत्र्यांच्या स्तनांत मात्र मिश्र गाठी नेहमीच आढळतात, हे पशुवैद्य मैत्रिणीकडून ऐकले तेव्हा तिच्या स्लाइड पाहण्यासाठी मी मुद्दाम तिच्याकडे गेले होते.

आतापर्यंतच्या जागा निदान ग्रंथी असलेल्या जागा होत्या. लाळग्रंथीची ऊती जिथे असू नये तिथेही भेटते, आणि त्याचे कारण गर्भात घडलेल्या घटनाक्रमात आहे. पॅरोटिड सहाव्या आठवड्याच्या सुमारास, सगळ्या लाळग्रंथींच्या आधी उगवू लागते, पण तिच्याभोवतीचे आवरण सर्वांत शेवटी बंद होते. मधल्या काळात तिथे लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तयार होत असतात. काही लसिकाग्रंथी पॅरोटिडच्या पोटात अडकतात आणि पॅरोटिडच्या काही नलिका लसिकाग्रंथींच्या पोटात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील ऑल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेली आणि आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी वॉर्थिन ट्यूमर या अडकलेल्या नलिकांतून येते, असे बहुतेक मानतात. सौम्य गाठींत तिचा क्रमांक दुसरा. ती धूम्रपान करणाऱ्यांत कितीतरी पटींनी अधिक होते, कधी दोन्ही बाजूंना होते, आणि पॅरोटिडबाहेर मानेच्या लसिकाग्रंथीतही सापडते.

आमच्या भागातल्या पॅथॉलॉजिस्टना याचे महत्त्व खास आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी मानेच्या लसिकाग्रंथी काढल्या जातात आणि त्या आम्ही एकेक करून तपासतो. रुग्णांत बिडी-सिगारेट ओढणारे पुष्कळ असतात. वॉर्थिन ट्यूमर कर्करोगाचा पसार शोधणाऱ्या पेट (पीईटी) स्कॅनवर चमकते, म्हणून शस्त्रक्रियेआधीच ‘कर्करोग मानेत पसरला’ असा अंदाज झालेला असतो, आणि तो त्या माणसाच्या घरापर्यंत पोचलेलाही असतो. मग काचपट्टीवर दिसते ती दोन थरांच्या गुलाबी पेशींची झालर आणि तिच्याखाली लसिकापेशींची गर्दी. लसिकाग्रंथीत चुकून राहिलेल्या साध्या लाळनलिकाही उतावळ्या नजरेला पसरलेल्या कर्करोगासारख्या वाटू शकतात. रोगाचा टप्पा, किरणोपचार द्यायचे की नाही, घरच्यांनी किती पैसा उभा करायचा, हे सगळे त्या एका लसिकाग्रंथीवर ठरत असते. म्हणून अशा केसमध्ये मी स्लाइड दुसऱ्या सहकाऱ्यालाही दाखवते.

मानेच्या तळाशी, गळपट्टीच्या हाडाजवळ, क्वचित एखाद्याला जन्मापासून बारीक छिद्र असते आणि जेवायला बसले की त्यातून पाणी झिरपते. ती वाट चुकलेल्या लाळग्रंथीची लाळ असते. अशा ऊतीतही पुढे गाठ होऊ शकते. अमेरिकी दंततज्ज्ञ स्टाफ्नी यांनी १९४२ मध्ये वर्णन केलेली जबड्याच्या कोनाजवळची पोकळी तर दातांच्या मोठ्या एक्स-रेवर अवचित दिसते आणि तिच्यात बहुधा जबड्याखालच्या (सबमॅन्डिब्युलर) लाळग्रंथीचाच एक भाग येऊन बसलेला असतो. तिला काहीही करावे लागत नाही.

या सगळ्यात रुग्णांना धीर देताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक. पॅरोटिडमध्ये सुमारे पाचापैकी एक, जबड्याखालच्या ग्रंथीत साधारण निम्म्याच्या आसपास, आणि बारीक ग्रंथींत बहुतेक अभ्यासांत निम्म्याहून अधिक. म्हणून आडजागेची गाठ ‘साधीच असणार’ असे कोणी तपासण्याआधी म्हणू नये. सौम्य ठरलेली प्लिओमॉर्फिक अडिनोमाही तशीच ठेवली तर काहींच्यात कालांतराने बिघडते. पहिल्या पाच वर्षांत ही शक्यता दीड टक्क्याच्या आसपास आणि पंधरा वर्षांनंतर साडेनऊ टक्क्यांपर्यंत जाते, असा आकडा पाठ्यपुस्तके देतात. अगदी क्वचित, वारंवार परतलेली आणि पेशींच्या दृष्टीने पूर्णपणे निरुपद्रवी दिसणारी गाठ हाडात किंवा फुप्फुसात जाऊन पोचल्याचीही नोंद आहे. दुखत नाही म्हणून राहू दे, या विचारावर मला विश्वास ठेवता येत नाही तो यामुळे. काढायची ती वेळेवर, आणि एकदाच नीट.

गाठ पुन्हा आली तर ती कित्येक वर्षांनी, दहा वर्षांनंतरसुद्धा येऊ शकते. तोवर सर्जन बदललेले असतात, दवाखाना हललेला असतो, मुले कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली असतात, आणि ‘पूर्वी एक साधी गाठ काढली होती’ एवढ्या आठवणीवर नव्या डॉक्टरांना काम करावे लागते. गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, हाती लागला तर जुनी आणि नवी गाठ शेजारी ठेवून पाहता येते, आणि आवरण तेव्हा फाटले होते की नव्हते, किनार मोकळी होती की नव्हती, हे अहवालात वाचता येते. म्हणून अहवाल न्यायला येणाऱ्यांना मी सांगते की काका, हा कागद औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर टाकून देऊ नका. सातबारा आणि रेशनकार्ड ज्या पिशवीत ठेवता त्याच पिशवीत ठेवा, ब्लॉकचा क्रमांक वरच्या कोपऱ्यात लिहिला आहे, आणि वर्षातून एकदा टाळू दाखवायला या.